निघाल्याचा दिवस धरू नये

आमच्या नात्यात दिवस मोजायचं काम माझ्याकडे होतं. कोणी गेलं की पहिला फोन रडत यायचा आणि दुसरा, तासाभराने, विचारायला: दहावा कधी येतो, सुतक कुणाला किती, ठरलेलं बारसं पुढे ढकलायचं का. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घ्यायचो आणि सांगायचो. माझी आकडेमोड कोणी तपासून पाहत नसे. हा आयुष्यभर सरकारी कचेरीत दिवसच मोजत आला आहे, याचं कशाला चुकेल, असं सगळ्यांना वाटायचं.

ते खरंही होतं. चेन्नईच्या बंदराजवळच्या एका आरोग्य कचेरीत मी एकतीस वर्षं कारकून होतो. जहाजातून, विमानातून परदेशचा आजार आत येऊ नये, हे बघणारी ती कचेरी. आफ्रिकेला जाणाऱ्या लोकांना आमच्याकडे ठरलेल्या दिवशी पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस टोचून मिळे. लशीची कुपी एकदा फोडली की दहा जणांना पुरते आणि काही तासांत संपवावी लागते, म्हणून दहा माणसं जमेपर्यंत डॉक्टर कुपीला हात लावत नसत. बाकावर खलाशी असत, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून यंत्रं बसवायला निघालेले फिटर असत, सिरुसेरीच्या आयटी कंपन्यांतून आलेली, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली मुलं असत. नऊ झाले की सगळे दाराकडे बघत बसायचे. दहावा माणूस आत आला की त्याच्याकडे असे बघायचे, जणू लग्नाला उशीर करणारा नवरदेव आला.

टोचून झालं की मी पिवळ्या पुस्तिकेत तारीख लिहून शिक्का मारायचो. दाखला लागू होतो दहा दिवसांनी. टोचल्याचा दिवस त्यात धरत नाहीत. रोज कोणीतरी हुज्जत घालायचं.

"सार, दोनच दिवस मागची तारीख घाला. कोण बघतंय?"

"तिकडचा माणूस बघतो," मी म्हणायचो.

तो तिकडचा माणूस मी कधी पाहिला नाही. लागोसला किंवा कंपालाला एखाद्या काउंटरमागे बसलेला, माझ्यासारखाच कोणी कारकून असणार. तो माझ्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा आणि त्याचा शिक्का असलेली पुस्तिका आली की मी त्याच्यावर. बाकी कशावरही ज्यांचं पटत नाही, असे देश या एका पिवळ्या कागदावर एकमेकांचा शब्द मानतात. तरुणपणी मला याचं फार अप्रूप वाटायचं. घरी जेवताना मी हे सगळं बायकोला सांगत असे. तो ताप पसरवणारा डास आपल्याकडे आहे, फक्त ताप नाही. डेंगीचा जो डास, तोच हा. ताप घेऊन एक माणूस आला आणि इथल्या माम्बलमच्या एका डासाने त्याला चावलं की...

"की झालं," ती वाक्य पुरं करायची. "आता रसम वाढू का?"

आम्ही दोघंही तंजावरकडच्या मराठी घरांतले. घरी जी मराठी चालते तिच्यात निम्मं तमिळ आहे. मी लिहितो ती मराठी पुस्तकांतून शिकलेली आहे. ती म्हणायची, तुम्ही बोलायला लागलात की कोणीतरी धडा वाचून दाखवतंय असं वाटतं. गेलं वर्षभर मला त्या धड्याशिवाय दुसरं काही येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. सावकाश लिहितो. दिवसाला एक पान होतं, कधी तेही नाही.

मी निवृत्त झालो त्यानंतरच्या वर्षाची गोष्ट. आमची मुलगी नवऱ्याबरोबर कंपालाला राहते. तिचं बाळंतपण करायला बायको निघाली. तिचं वय साठीच्या पुढे आणि संधिवातासाठी ती जी गोळी घ्यायची, तिने अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते. अशा माणसाला ही लस देत नाहीत. डॉक्टरांनी तसं पत्र दिलं. त्या पत्रावर युगांडात आत जाता आलं असतं, पण परतल्यावर भारताचा नियम आडवा येणार होता: लस न घेता तिकडून आलेल्याला सहा दिवस वेगळं ठेवायचं. तोपर्यंत आजार अंगात असेल तर दिसतो, नसेल तर माणूस मोकळा. हे मी तिला निघायच्या आधीच सांगितलं होतं.

"सहा दिवस?" ती म्हणाली. "स्वयंपाक नाही, तुम्ही नाही. बरंच झालं की."

कोरोनाची दोन वर्षं नुकतीच सरली होती. क्वारंटाइन या शब्दाला कोणी घाबरत नव्हतं, फक्त कंटाळलं होतं.

बाळ दोन महिन्यांचं झालं असेल, तेव्हा चेन्नईच्याच दुसऱ्या टोकाहून, शोळिंगनल्लूरहून, भाच्याचा फोन आला. त्याची आई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, न्हाणीघरात पडली होती. मेंदूत रक्तस्राव. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो. बायको तीन वर्षांची असताना त्यांची आई गेली आणि तेरा वर्षांच्या अक्काने तिला वाढवलं. वेणी घालणं, शाळेत सोडणं, पहिल्यांदा साडी नेसवणं, सगळं अक्काने केलं. बायकोला आईचा चेहरा आठवत नव्हता. आई म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे अक्काच यायची, असं तिनेच एकदा सांगितलं होतं.

मिळेल त्या पहिल्या विमानाने ती निघाली. शनिवारी दुपारी तिथून निघाली आणि आखातात विमान बदलून रविवारी सकाळी चेन्नईला उतरली. उतरल्यावर तिला सरळ विमानतळाच्या कुंपणालगतच्या बसक्या क्वारंटाइन इमारतीत नेलं; तिथलंही लिखापढीचं काम आमच्याच कचेरीकडे असे. तिथे एकामागे एक दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खिडक्यांना, व्हरांड्याला बारीक जाळी. आतला डास बाहेर नको आणि बाहेरचा आत नको. भेटायला आलेल्याने जाळीच्या बाहेर पायरीवर उभं राहून बोलायचं. ती पायरी बांधून घ्या, अशी टिपणी मीच कधीतरी लिहिली होती.

तिथला डॉक्टर तरुण होता. नोकरीला लागला तेव्हा कुठला फॉर्म कुठे लावायचा ते मी त्याला शिकवलं होतं. तो मला पाहून उभा राहिला.

"सार, अम्मांना दुसरी खोली दिली आहे. पंखा चांगला आहे तिथे."

जाळीआडून बायको दिसली. दोन महिन्यांत वाळली होती. नातीबद्दल एक शब्द नाही. तिने विचारलं, "कधी सोडतील?"

"सहा दिवस. गुरुवारी सकाळी मोकळी."

"अक्का थांबेल तोवर?"

"थांबेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

मंगळवारी पहाटे अक्का गेली. भाच्याने मला फोन केला. मी लोकलने विमानतळासमोरच्या तिरुसूलम स्टेशनला गेलो आणि पायरीवर उभा राहून बायकोला सांगितलं. ती खाली बसली. मला आत जाता येत नव्हतं आणि तिला बाहेर येता येत नव्हतं. तिने जाळीला बोटं लावली, मीही लावली. जाळी इतकी बारीक की बोट काही आरपार जात नाही.

ती म्हणाली, "मला तिचं तोंड बघायचंय."

"बघशील. मी बोललोय अक्काच्या पोराशी. फ्रीझर बॉक्स आणलाय. गुरुवारपर्यंत थांबतील. तू सकाळी सुटलीस की इथूनच टॅक्सीने जाऊ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरी." आमच्याकडे हो म्हणायचं असलं की आम्ही सरी म्हणतो. मग तिने विचारलं, "भावोजींनी काही खाल्लं का?"

भावोजी म्हणजे अक्काचा नवरा, माझा साडू. वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. घरात प्रेत असेपर्यंत चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी इडल्या आणून दिल्या होत्या, पण ते म्हणाले, ती बाहेरच्या खोलीत झोपली आहे आणि मी आत बसून इडली खाऊ? ते नुसत्या कॉफीवर होते.

त्या दिवशी भाचा मला दोनदा म्हणाला, "काका, नक्की गुरुवार ना? मी सगळ्यांना कळवतोय."

"नक्की."

"सकाळीच?"

"सकाळीच."

त्याने गुरुवारी दुपारची विद्युतदाहिनीची वेळ घेतली. बंगळूरहून, तंजावरहून माणसं आली. बुधवारीही भावोजी जेवले नाहीत.

गुरुवारी सकाळी मी बायकोची सुती साडी आणि एक मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, हार घेऊन टॅक्सीने गेलो. ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. डॉक्टर टेबलाशी काहीतरी लिहीत होता. मी म्हणालो, "कागद तयार आहेत ना?"

त्याला कळलं नाही. "कसले, सार?"

"हिला सोडण्याचे. आज सहावा दिवस."

तो उभा राहिला. "सार, उद्या. उद्या दुपारी होतात सहा दिवस."

मी त्याच्यासमोर बोटांवर मोजून दाखवलं. शनिवार एक, रविवार दोन, सोमवार तीन. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सहा. त्याने नुसतं माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर पुठ्ठ्यावर चिकटवलेली सूचना होती. तमिळमध्ये आणि इंग्रजीत, जाड शाईने, हाताने लिहिलेली. प्लास्टिक पिवळं पडलं होतं. निघाल्याचा दिवस धरू नये. निघाल्याच्या वेळेपासून पूर्ण चोवीस तासांचे सहा दिवस मोजावेत. अक्षर माझं होतं. नवी माणसं घोटाळा करतात म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी मीच अशा दोन लावल्या होत्या, एक इथे आणि एक आत खोल्यांपाशी.

मरणाचे दिवस आपण वेगळे मोजतो. ज्या दिवशी माणूस जातो तो पहिला दिवस. तो सोडत नाहीत. कचेरीत मी एका पद्धतीने मोजायचो आणि घरी दुसऱ्या, आणि एकतीस वर्षांत एकीचं दुसरीत मिसळू दिलं नव्हतं. त्या आठवड्यात मिसळलं. नंतर आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, गुरुवार हा शब्द मी रविवारीच उच्चारला होता. अक्काचा श्वास चालू होता तेव्हाच मी सुतकाचे दिवस मोजायला लागलो होतो.

डॉक्टर माझ्याजवळ आला आणि हळू बोलला. "सार, अम्मांना ताप नाही, काही नाही. सकाळ-संध्याकाळ मीच बघतो. एका दिवसाचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणालात तर मी आज कागद करतो. मला कोणी विचारणार नाही. विचारलं तर मी बघून घेईन."

टॅक्सी बाहेर उभी होती. हार माझ्या हातात होता. पलीकडच्या खोलीत बायको साडीची वाट बघत असेल, असं माझ्या मनात होतं.

मी म्हणालो, "नको."

का म्हणालो, याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला आहे. शोळिंगनल्लूरच्या त्या इमारतीत त्या महिन्यात डेंगीचे रुग्ण होते, म्हणजे डास होते, हे खरं. या पोराची नोकरी नवी होती, हेही खरं. पण त्या क्षणी यातलं काही डोक्यात आलं नव्हतं. मी फक्त त्या पुठ्ठ्याकडे बघत होतो. इतक्या लोकांना मी दोन दिवस, एक दिवस, अर्धा दिवस नाही म्हटलं होतं. त्यांतही कोणाची बहीण असेल. मी कधी विचारलं नव्हतं.

पायरीवर उभा राहून मी भाच्याला फोन केला. मागे खूप माणसांचा आवाज होता.

"उद्या? काका, तुम्ही नक्की म्हणाला होतात."

"माझं चुकलं."

मग म्हणाला, "अप्पांना सकाळी चक्कर आली. साखर उतरली होती. डॉक्टर म्हणतात आत्ता खायला घाला, आणि ते म्हणतात आधी तिला न्या. काका, मी मावशीसाठी थांबलो असतो. उद्यापर्यंत थांबलो असतो मी. पण हे थांबत नाहीत हो."

"नको थांबू," मी म्हणालो. "ने."

मग मी बायकोला सांगितलं. मोजण्यात चूक झाली, उद्या दुपारी सोडतील, ते आज नेणार आहेत. डॉक्टरने जे विचारलं होतं ते सांगितलं नाही. ती रडेल, चिडेल, म्हणेल की तुमचा जन्म यात गेला आणि माझ्या वेळेलाच चुकलात. मी तयार होतो. ती म्हणाली, "हार तिला पोचवा. तुम्ही तरी जा."

"तू एकटी?"

"मी कुठे जाणारे?"

मी गेलो. भाच्याने व्हिडिओ कॉल लावून फोन पेटीवर धरला. पेटीच्या काचेत छतावरची ट्यूबलाइट पडली होती. बायकोला अक्काच्या जागी उजेडाची एक पट्टी आणि फोन धरलेला भाचा एवढंच दिसलं. "जरा तिरका धर कण्णा," तिचा आवाज येत होता. "अजून जरा. नाही, राहू दे. राहू दे."

शुक्रवारी दुपारी तिला सोडलं. आम्ही शोळिंगनल्लूरला गेलो. बाहेरच्या खोलीत पेटीखाली ठिबकलेल्या पाण्याचा डाग फरशीवर वाळला होता. त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेली. आतून विचारलेलं ऐकू आलं, "भावोजी, रसम-भात करू? की भात जड होईल?"

त्यानंतर ती तीन वर्षं होती. या गोष्टीवर एक शब्द बोलली नाही. मीही नाही. मला वाटायचं, तिने मला माफ केलं आहे. पण कधी वाटायचं की केलेलं नाही आणि बोलण्याचं बळ तिच्यात नाही, म्हणून गप्प आहे. दोन म्हाताऱ्या माणसांत असं बरंच काही तसंच पडून राहतं. डॉक्टरला मी नको म्हणालो, हे कधीतरी सांगून टाकायचं, असं दर दिवाळीला ठरवायचो. गेल्या वर्षी, एका सकाळी कॉफी गाळताना, ती गेली. मी बाजूच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो.

भेटायला आलेल्यांत तो डॉक्टरही होता. आता त्याची बदली बंदरावर झाली आहे. चप्पल बाहेर काढून तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. बोलायला काही नव्हतं, म्हणून आम्ही त्याच आठवड्याबद्दल बोललो.

तो म्हणाला, "अम्मा फार शांत होत्या, सार. सोमवारी मी ताप बघायला गेलो तर भिंतीवरचं तुमचं अक्षर वाचत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, म्हणजे शुक्रवार दुपार ना? मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, आमचे हे गुरुवार म्हणताहेत."

मी विचारलं, "सोमवारी?"

"सोमवारी. मी म्हटलं, सारना फोन करून सांगू का? त्या म्हणाल्या, राहू दे, मी सांगते."

मंगळवारी मी जाळीशी उभा राहून तिला गुरुवार सांगितला, तेव्हा तिला शुक्रवार माहीत होता. तरी ती सरी म्हणाली. आणि मग विचारलं, भावोजींनी काही खाल्लं का.

तो गेल्यावर मी तिथेच बसून हिशेब जुळवत गेलो. शुक्रवार म्हटलं असतं तर सगळे शुक्रवारपर्यंत थांबले असते आणि म्हातारा आणखी एक दिवस उपाशी राहिला असता, हे तिला कळलं असणार. थांबू नका, लगेच न्या, असंही तिला म्हणता आलं असतं. तेवढं मात्र तिच्याने म्हणवलं नसावं. की गुरुवारी काहीतरी होईल, मी काहीतरी करीन, अशी आशा तिने ठेवली होती? हे मला कळलेलं नाही आणि आता कळायचं नाही. तसं असेल, तर जाळीच्या या बाजूला मी काय केलं ते तिला माहीत नव्हतं. तिला काय माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवलो.

चुकलो ते एकट्याने, असं मी धरून चाललो होतो. आता तेवढाही आधार उरलेला नाही.

काल भाच्याचा फोन आला. तिचं वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. भटजींना कळवायचं आहे, शिवाय त्याला रजा टाकायची आहे.

"काका, दिवस कुठला धरायचा? तुम्ही बघून सांगता?"

कॅलेंडर समोर भिंतीवर होतं. मी उठलो नाही.

"तू मोज," मी म्हणालो. "आणि भटजींना एकदा विचारून घे. सांगशील त्या दिवशी मी येतो."